राजाचा डावा खांदा

मित्रांनो, हात लावायचा तर जरा बेताने लावा. मी एक जुना डगला आहे. बाहेरून जांभळी मखमल, आतून तपकिरी अस्तर, आणि वय साठीच्या पुढे. सगळे मला राजाचा डगला म्हणतात. खरं सांगायचं तर राजाला मी जन्मात पाहिलेलं नाही. तो गेला आणि तीनशे वर्षांनी माझं कापड कापलं गेलं. तरी त्याचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे मीच येतो. या मानाचा आता मला शीण येतो.

मला शिवलं एका नाटक मंडळीच्या शिंप्याने. कपडेपटाच्या खोलीत त्याने राजाच्या जुन्या चित्राची छापील प्रत भिंतीला चिकटवली होती. राजाचं म्हणून खात्रीचं तेवढं एकच चित्र उरलं होतं. त्यात राजा ताठ उभा आहे, दोन्ही खांदे एका रेषेत. पण राजाचं काम करणारा नट पूर्वी गोदामात हमाली करायचा. पोती वाहून वाहून त्याचा डावा खांदा दोन बोटं खाली आला होता.

"त्याची काळजी सोडा," शिंपी त्याला म्हणाला. "डाव्या खांद्यात जाड पॅड घालतो. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

पण पहिल्या प्रयोगाची घाई होती, आणि तीन दिवस बिचाऱ्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अस्तर लावायला त्याने मला उलटं केलं होतं. उलट्या कपड्यात डावं ते उजवं होतं, हे शिवणकामात पहिल्याच दिवशी शिकवतात. तेच नेमकं तो विसरला. पॅड बसला उजव्या खांद्यात.

नटाने मला अंगात चढवलं तेव्हा तिसरी घंटा होत होती. उजवा खांदा वर गेला, डावा होता त्याहून पडलेला दिसू लागला. शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. नटाने आरशात पाहिलं, मग शिंप्याकडे पाहिलं. "राहू दे," एवढंच म्हणून तो रंगमंचावर गेला. तिथे डावा खांदा आणखी थोडा पाडून, थांबत थांबत असा काही चालला, की हे ठरवूनच केलंय असं वाटावं. दुसऱ्याची चूक त्या भल्या माणसाने आपल्या अंगावर घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'राज्याचा भार खांद्यावर वागवणारा राजा आम्ही प्रथमच पाहिला.' झालं! तिकिटाच्या खिडकीपुढे रांगा लागल्या. शिंप्याला वेशभूषेचं बक्षीस मिळालं. ते पदक त्याने माझ्या मागच्या खिळ्याला भिंतीकडे तोंड करून टांगलं. पुढच्या आठवड्यात तो पॅड उसवायला बसला, तर मंडळीच्या मालकाने हातातली कात्री काढून घेतली.

"त्या खांद्याला हात लावशील तर याद राख," मालक म्हणाला. "आपली सगळी मंडळी त्या खांद्यावर जेवतेय."

मग सिनेमा आला, आणि आमचा सगळा कपडेपट त्या चित्रासकट स्टुडिओत गेला. सिनेमातल्या राजाचे खांदे पाटासारखे सरळ होते. त्याच्यासाठी मला कमरेत आवळलं, पण खांदा तसाच ठेवला. तोही मला घालून डावीकडे कलायला शिकला. त्याने तलवार मारली, गाणं म्हटलं, आणि त्याच्या मिशीचा डिंक माझ्या कॉलरला कायमचा चिकटला.

नंतर एक कादंबरीकार मला बघायला आले. खांदा चाचपून म्हणाले, "हा असा का?" शिंपी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच मान हलवली, "जखम असणार." सहाशे पानांच्या कादंबरीत राजाला सतराव्या वर्षी डाव्या खांद्यात बाण लागला. पुढे मालिका निघाली. तिच्यात तो बाण सुटल्यापासून लागेपर्यंत तीन भाग गेले, आणि मला एक भोक पडलं ते वेगळंच. मालिकेतला राजा दर भागात रडायचा. त्याची आसवं, घाम, खोटा पाऊस, सगळं मी सोसलं. शाळेच्या संमेलनात राजा होणारी पोरंसुद्धा डावा खांदा पाडून यायला लागली. एका चुकीचा केवढा गोतावळा झाला बघा! आणि भिंतीवरच्या चित्रातला राजा ताठच्या ताठ. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

शिंपी थकल्यावर कपडेपट त्याच्या मुलीकडे आला. तिला सगळे टाकेताई म्हणत. अंथरुणाला खिळल्यावर शिंप्याने तिला जवळ बोलावलं.

"लोक माझं नाव घेतात ते चुकीसाठी," तो म्हणाला. "बाह्या बसवल्या, कॉलर बसवली, त्यावर कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. एकदा तो खांदा सरळ कर, बाळ. मला लाज वाटते गं."

"करीन, बाबा," टाकेताई म्हणाली. पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता दहा वर्षं गेली.

गेल्या वर्षी राजावर नवा, फार मोठा सिनेमा सुरू झाला. मला घालायचं तेही ठरलं, आणि त्यानंतर स्टुडिओच्या दालनात मला काचेच्या कपाटात ठेवणार होते. खाली पितळी पाटी, तीवर शिंप्याचं नाव. पाटी कोरूनही झाली होती. मित्रांनो, मला ते कपाट किती हवं होतं, कसं सांगू? ना कुणाची काख, ना कुणाचा डिंक. स्वस्थ टांगून राहायचं. टाकेताईही त्या सिनेमानंतर निवृत्त होणार होती. ती रोज पाटी पदराने पुसायची.

कपडे घालून बघायच्या दिवशी, दुपारी, तिने दार लावून घेतलं आणि ब्लेड हातात घेतलं. नको, असं मला ओरडायचं होतं. तिने उजवा खांदा उसवला. आतला कापूस पिवळा पडला होता. तो तिने निम्मा निम्मा केला, दोन्ही खांद्यांत सारखा घातला आणि शिवून टाकला. तिचे हात थरथरत होते, पण टाका एकही वाकडा नाही.

नव्या नटाने मला घातलं. साठ वर्षांत पहिल्यांदा मी अंगावर सरळ बसलो. अगदी चित्रातला राजा उभा राहिला. दिग्दर्शक मात्र बघतच राहिला.

"हा कोण? राजा कुठाय?"

"खांद्यात चूक होती, ती दुरुस्त केली," टाकेताई म्हणाली. "माझ्या वडिलांकडून झाली होती. ते चित्र बघा ना."

"ताई, चित्र कोण बघतंय? लोकांनी मालिका बघितलीय. हा त्यांना तोतया वाटेल. पुन्हा होता तसा करा."

"आता नाही करणार."

दिग्दर्शकाने बाहेरच्या शिंप्याकडून सहा नवे डगले शिवून घेतले, सगळ्यांचा डावा खांदा पाडून. त्यांतलाच एक आज काचेच्या कपाटात आहे. पाटी बदलली. टाकेताईला सांगितलं, "तुमची अडगळ तुम्ही घेऊन जा."

मी दोन महिने तिच्यावर रागावलो होतो. खोटं कशाला बोलू? हातातोंडाशी आलेली विश्रांती तिने घालवली होती. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते. आणि आपला चुकलेला टाका दिसला की त्याच दिवशी उसवा, भले लोक त्याचीच वाहवा करत असोत. उशीर झाला की उसवणाऱ्याचे हात थरथरतात.

आता मी टाकेताईच्या घरी दाराआडच्या खिळ्यावर असतो. थंडीत सकाळी दूध आणायला ती मलाच घालून जाते. राजाचा डगला म्हणून रस्त्यात कुणी ओळखत नाही. परवा दूधवाल्याने पिशवी देता देता माझ्याकडे निरखून पाहिलं.

"खांद्यात काय सुरेख बसलाय हो, ताई. कुणी शिवला?"

टाकेताईने पिशवी घेतली. तिने माझी कॉलर नीट केली.

"माझ्या बाबांनी," ती म्हणाली.