पोटाचं अस्तर

बासिलियाचा नवरा फोर्तुनातो पोतोसीच्या खाणीत सुरुंग भरायचा. दर शुक्रवारी त्यांची टोळी खाणीचा राखणदार मानलेल्या शिंगवाल्या काकाच्या मूर्तीपुढे बसायची. आधी काकाला आणि धरणीमायेला थेंब शिंपडायचे, मग उरलेलं स्पिरिट आपल्या घशात. काकाला अर्ध्यावर सोडून उठणाऱ्याच्या डोक्यात दगड पडतो, अशी तिथली समजूत. समजुतीपुढे कुणाचं शहाणपण चालतं?

फोर्तुनातोच्या पोटात मात्र दुसऱ्या पेल्यालाच आग पडायची. तो पोट धरून घरी यायचा. शेवटी टोळीनायक सेवेरो दारात येऊन ऐकवून गेला.

"वहिनी, तुझ्या नवऱ्याला दूधच पाज. माझी माणसं घाबरलीत. परत अर्ध्यावर उठला तर दुसरीकडे काम बघ म्हणावं."

दुसरीकडे काम कुठलं आलंय! बासिलियाने बाजारातली औषधवाली ओर्तेन्सियाबाई गाठली.

"बसायच्या तासभर आधी, उपाशीपोटी गोळी पाण्यात विरघळवून दे," बाई म्हणाली. "आतल्या अस्तरावर लेप बसतो. पेशी जळत नाहीत."

"मग प्यालेलं बाधत नाही?"

"पोटाला नाही," म्हणत ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

गोळीनं गुण दिला. फोर्तुनातो सेवेरोच्या मांडीला मांडी लावून शेवटच्या थेंबापर्यंत बसू लागला. शुक्रवारला मंगळवार जोडला गेला, मग बाकीचे वारही. बासिलिया न चुकता गोळी कालवायची आणि शेजारणींना तोऱ्यात सांगायची.

तीन वर्षांत त्याचे डोळे पिवळे झाले, पोट घागरीसारखं फुगलं. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, रक्तही तपासलं.

"जठरात एक व्रण नाही. यकृत मात्र संपलंय," त्या बासिलियाला म्हणाल्या. "गोळी पोटापुरती राखते, बाई. दारू रक्तात जायची ती जातेच. दुखायचं म्हणून तर तो दोन पेल्यांवर उठायचा."

बासिलियाला सगळ्यांचा संताप आला. सेवेरोचा, औषधवालीचा, त्या शिंगवाल्याचा. पण गोळी तिच्याच हातानं कालवलेली होती.

रविवारी टोळी भेटायला आली. फोर्तुनातो उशीला टेकून म्हणाला, "बायको असावी तर अशी. तुमच्या बायकांनाही गोळीचं नाव विचारून जायला सांगा."

"नको," बासिलिया म्हणाली. "त्या गोळीनंच घात केला. मीच मारलं तुला."

तो हसला. तिचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"वेडी कुठली," तो म्हणाला. "दाबून बघ. दुखतंय का कुठं?"