रडलं की वेड लागतं

आई जाऊन पंधरा दिवस झाले तरी सुगतच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, आणि त्याला त्याचा चांगलाच अभिमान होता. रडलं की माणसाला वेड लागतं, हे त्याचं पक्कं मत. लहानपणी धाकटी बहीण तापाने गेली, तेव्हा आईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. आठ वर्षांचा सुगत भेटायला गेला तर आई ढसाढसा रडत होती. पोराने काय समजायचं ते समजून घेतलं.

आता भिवंडीजवळ वडप्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवताना त्याची छाती धडधडायची, हात कापायचे. परवा मालाने भरलेलं अख्खं पॅलेट आडवं झालं. भिवंडीच्या डॉक्टरने ईसीजी काढला, त्यात काही निघालं नाही. सुपरवायझर हितेशने चावी काढून घेतली. म्हणाला, "पहिला बरा हो, मग ड्युटी."

सहा वर्षांच्या लेकीला, संघरत्नाला मात्र सुगतने बजावून ठेवलं होतं, आजीसाठी रडायचं नाही, वेड लागतं. पोर शहाणी, रडली नाही. नुसतं पोट दुखतं म्हणायची.

रविवारी आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला खीर वाढता वाढता शेजारच्या ठकुबाईने त्याला हटकलं. "रडलास का न्हाय रं?"

"रडून आईचं काय झालं ते बघितलंय मी, मावशी."

"काय कपाळ बघितलंस? पोरगी गेली तवा तुझ्या बापानं तिला महिनाभर रडू दिलं न्हाय. पोरासमोर रडायचं न्हाय, म्हनं. तिचं बोलनं बंद, जेवन बंद. रडली ती इस्पितळात गेल्यावर. तू आलास तवा ती बरी व्हत व्हती."

सुगतने आठवून पाहिलं. घरात रडणारी आई त्याला एकदाही आठवेना. इतकी वर्षं आपण उलटंच धरून बसलो, या विचाराने त्याला फार वाईट वाटलं.

संघरत्ना आजीच्या पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तो तिच्याजवळ बसला.

"आजीची आठवण येते? मग रड की."

"नको पप्पा. मला वेड लागलं तर तुम्हाला कोण सांभाळणार?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं. किती वेळ तो रडत होता. पोरगी डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "पप्पा, माझं नाव काय?"

"संघरत्ना," तो हुंदक्यातच म्हणाला.

तेव्हा कुठे तिने भोकाड पसरलं.