तापवलेली टाकी

कारखान्यात सगळे त्यांना दूधकाका म्हणत, कारण ते डेअरीतून आले होते. तिथं तेवीस वर्षं त्यांनी दूध तापवायच्या मशीनवर काढली, आणि एवढ्या वर्षांत आपल्या हातून लिटरभर दूधही नासलं नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवतच. मग डेअरी बंद पडली. अकरा महिने ते घरी होते. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले, रंगाप्रमाणे लावून झाले, तेव्हा बायकोनंच या कारखान्याची जाहिरात कापून त्यांच्या पुढ्यात ठेवली. नोकरी लागली त्या दिवशी दोघांपैकी जास्त आनंद कोणाला झाला, हे सांगणं अवघड आहे.

काम समजायला सोपं होतं. केक, फळं वगैरे ज्यात भरून विकतात ते पारदर्शक ट्रे धुऊन, चुरा करून टाकीत टाकायचे. टाकीत पासष्ट अंशांचं गरम पाणी आणि एन्झाइम. हे एन्झाइम प्लास्टिक कुरतडून कुरतडून विरघळवतं. मग ते पाणी मेम्ब्रेनच्या नळ्यांतून जातं. मेम्ब्रेन म्हणजे फारच बारीक गाळणी. विरघळलेला माल पलीकडे जातो आणि त्याचं पुन्हा नवं प्लास्टिक होतं. एन्झाइम मात्र अलीकडेच अडकतं आणि टाकीत परत येऊन कामाला लागतं. टाकी आणि नळ्या दूधकाकांच्या ताब्यात होत्या. एन्झाइम बनवायची ती वरच्या मजल्यावरची केमिस्ट. अजून तिशीही न गाठलेली ती पोरगी चार वर्षं या एकाच एन्झाइमच्या मागे लागली होती. गुरुवारी एका मोठ्या कंपनीचे लोक हे सगळं बघायला येणार होते. त्यांना पटलं तर तिचं काम पुढे चालणार, नाहीतर महिनाअखेरीस तिचा करार संपत होता.

रविवारी पाळीवर दूधकाका एकटेच होते. नळ्यांपाशी त्यांना आंबूस वास आला, आणि दाबाचा काटाही चढलेला दिसला. आता ज्या माणसानं उभा जन्म आंबूस वासाशी वैर केलं, त्याला दुसरं काय सुचणार? तापवलं की टिकतं. भिंतीवर ‘सत्तर अंशांवर नेऊ नये’ अशी पाटी होती, नाही असं नाही. पण पाट्या लिहिणारे नेहमी हात राखून लिहितात, असं त्यांचं अनुभवी मत होतं. त्यांनी टाकी पंच्याऐंशी अंशांवर नेली आणि चाळीस मिनिटं डोळ्यात तेल घालून तिथंच उभे राहिले. मग टाकी पुन्हा पासष्टवर आणून, नळ्या उलट्या दिशेनं पाणी सोडून धुऊन काढल्या. काटा उतरला, वास गेला. गुरुवारच्या पाहुण्यांची सोय आपण न सांगता करून ठेवली, म्हणून स्वारी शीळ घालत घरी गेली.

सोमवारी सकाळी टाकीतला चुरा होता तसाच होता. दुपारीही तसाच. केमिस्टनं नमुना वर नेऊन तपासला आणि मॅनेजरला घेऊन खाली आली.

“एन्झाइम मेलंय,” ती म्हणाली. “अंड्याचा पांढरा भाग तापवल्यावर घट्ट होतो ना, तसं काहीतरी झालंय. एकदा झालं की परत पातळ होत नाही.” मग ती दूधकाकांकडे वळली. “काका, रविवारी तापमान वाढलं होतं का?”

दूधकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. “नाही,” ते म्हणाले.

एवढंच. शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्यांनाही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ती मान डोलावून जिना चढत होती. तिनं पुन्हा विचारलं नाही. काका सांगतात म्हणजे तसंच असणार, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांनीच रोज बोलून बोलून कमावला होता.

मंगळवारी ते मूग गिळून गप्प बसले. आज सांगू, जेवण झाल्यावर सांगू, मॅनेजर बाहेर गेले की सांगू. पंचावन्नाव्या वर्षी आपल्याला कोण उभं करणार, ही भीती खरी होती. ती खोटी म्हणायची कारण नाही. पण लाज त्याहून मोठी होती. तेवीस वर्षांत काही नासलं नाही म्हणणाऱ्यानं इथं पाचव्या महिन्यात अख्खी टाकी नासवली होती.

बुधवारी सकाळी ते कापडाच्या चिंध्या मागायला वर गेले. केमिस्ट टेबलाचे खण रिकामे करून खोक्यात भरत होती.

“आवराआवर काढली का, मॅडम?”

“शुक्रवारी निघतेय, काका. रिपोर्टही लिहिला. एन्झाइमची घडणच कच्ची होती. चार वर्षं मी कच्च्या मालावर उड्या मारत होते.” ती हसली, पण डोळे सुजलेले होते. “काल आईला फोन केला. म्हटलं, येते घरी. हे माझं काम नव्हतं, उगाच हट्ट केला.”

दूधकाकांना खुर्ची दिसली, पण ते बसले नाहीत.

“मॅडम, माल कच्चा नव्हता. मी तापवला.”

ती खोक्यात टाकायला घेतलेली वही हातात धरून वळली.

“रविवारी. मला आंबूस वास आला म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.”

“किती तापवलं?”

“पंच्याऐंशी.”

“किती वेळ?”

“चाळीस मिनिटं.”

“चाळीस मिनिटं!” तिनं हातातली वही टेबलावर आपटली. “पंच्याऐंशीला दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही ते! अहो, आंबूस वास येणारच, त्यात आम्लच तयार होतं! दोन रात्री मी झोपले नाही, काका. दोन दिवस स्वतःला शिव्या घालतेय. तुम्ही रोज समोरून जात होतात!”

“हो,” दूधकाका म्हणाले.

“साहेबांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.”

ते लगेच गेले. मॅनेजरनं दार लावून वीस मिनिटं त्यांची खरडपट्टी काढली. पाहुण्यांना फोन करून भेट तीन आठवडे पुढे ढकलली, तेवढ्या वेळात एन्झाइमची नवी खेप तयार होणार होती. दूधकाकांना टाकीवरून काढून ट्रे धुण्याच्या कामाला लावलं, तेही महिनाभर बघून मग ठरवू म्हणून. घालवून दिलं नाही.

झालं ते कळवायला ते पुन्हा वर गेले. खोकं अर्धं रिकामं झालं होतं. केमिस्ट पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती.

“आई, मी येत नाहीये... अगं नाही, नीट ऐक. माझं चुकलं नव्हतं. एन्झाइम चांगलं आहे, माझं एन्झाइम चांगलं आहे गं!” मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. तिनं डोळे पुसत मागे वळून पाहिलं, तर दारात दूधकाका.

“कोणाची चूक म्हणजे?” ती त्यांच्याकडे बघतच फोनमध्ये म्हणाली. “ज्यांची होती ना आई, त्यांनी स्वतः येऊन सांगितली. उशिरा सांगितली, पण सांगितली.”

दूधकाकांनी मान खाली घातली आणि ट्रे धुवायला खाली गेले.