फळीवरची शेवटची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. माझा गळा अरुंद आहे, अंगावर मापाच्या रेघा आहेत आणि तोंडाला रबरी बूच आहे. तुमच्यातला एखादा हुशार लगेच म्हणेल, ही तर सलाईनची बाटली! बरोबर आहे, पण ती ओळख अर्धीच आहे. औषधाशी माझा संबंध जेमतेम एका दुपारपुरता आला. बाकी सगळं आयुष्य मी पोटात टोमॅटो घेऊन काढलं आणि मला त्याचाच अभिमान आहे.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी लालभडक होते. पुढे पुन्हा लाल व्हायचं माझ्या नशिबात आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? थंड झाल्यावर मला धुतलं, ग्लुकोजच्या पाण्याने भरलं आणि चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या एका रेल्वे-दुरुस्तीच्या कारखान्यात पाठवलं. तिथल्या दवाखान्यात एका जाड्या मुकादमाच्या उशाशी मला उलटं टांगलं. शिळं मटण खाऊन तो आडवा झाला होता. मी थेंब थेंब रिकामी होत गेले, तसा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तो उठून बसला आणि त्याने सिगारेट मागितली. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. जगात उपकाराची फेड अशीच होते, असं मला तेव्हा वाटलं. पण उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, तसे माझेही फिटले.

त्या दवाखान्यात सूफन नावाची नर्स होती. तिने मला धुतलं, पिशवीत घातलं आणि घरी नेलं. कारखान्याच्या वसाहतीत आमच्यासारख्या बाटल्या कुणी फेकत नसे. तिथला हिवाळा फार लांबलचक. जमीन दगडासारखी व्हायची आणि घराघरांत कोबी, बटाटे आणि मुळे यांच्याशिवाय काही नसायचं. म्हणून उन्हाळा सरता सरता टोमॅटोचे ढीग आले की सगळ्या बायका अंगणात बसत. टोमॅटो सोलायचे, उभे चिरायचे आणि जेवायच्या काडीने ढकलत ढकलत आमच्या अरुंद गळ्यातून आत घालायचे. मग बूच लावायचं, बुचात इंजेक्शनची सुई टोचायची, म्हणजे आतली हवा तिच्यातून निघून जाते. आणि मग मोठ्या भांड्यात आम्हाला वाफेवर बसवायचं.

खरी गोम त्यापुढे होती. भांडं उतरलं की काच चटके देत असतानाच सुया उपटायच्या. तसं केलं तरच बूच आत खेचलं जातं आणि टोमॅटो वर्षभर टिकतात. सूफनच्या घरी हे काम तिच्या मुलीचं, यानरूचं होतं. ती तेव्हा पहिलीत होती. हाताला फडकं गुंडाळून ती तयार उभी राहायची आणि आई म्हणायची, "आत्ता!" की भराभर सुया काढायची. एवढ्या जबाबदारीचं काम गल्लीत दुसऱ्या कुठल्याही मुलाकडे नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी तिची मान जरा ताठच असायची.

हिवाळ्यात कुणी आजारी पडलं, कुणी दमून आलं, किंवा नुसताच दिवस वाईट गेला, की सूफन एक बाटली उघडायची. कढईत टोमॅटो परतायचे, पाणी घालायचं, उकळीत पिठाच्या बारीक बारीक गोळ्या सोडायच्या आणि वरून फेटलेलं अंडं. असं ते सार. त्याच्या वासाने खिडकीच्या काचेवरचं बर्फसुद्धा वितळेल, असं यानरूचे बाबा बाओलिन म्हणायचे. आता एक गुपित सांगते. बाओलिन अस्सल शान्शीचा माणूस. त्याच्या मते अन्नात व्हिनेगर घालावं, आणि टोमॅटोत साखर घालणं म्हणजे पाप. पण टोमॅटो फार आंबट निघाले की सूफन नवऱ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि डब्यातली चिमूटभर साखर हळूच सारात सोडायची. साखरेचा डबा फळीवर माझ्या शेजारीच होता, म्हणून मला ठाऊक. बाओलिन मिटक्या मारत खायचा आणि म्हणायचा, "बघा, साखरेवाचून काही अडतं का?"

अशी दोन-तीन वर्षं मी भरले आणि रिकामी झाले. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

एका वर्षी आम्हाला भरून फळीवर ठेवल्यावर सूफन आजारी पडली. दवाखान्यात ती जिथे काम करायची, तिथेच तिला झोपवलं आणि तिच्या उशाशी माझीच भावंडं टांगली. या वेळी त्यांचा काही उपयोग झाला नाही. बाओलिन एकटाच घरी आला आणि फळीखाली बसून राहिला. तो कितीतरी वेळ आमच्याकडे बघत होता, आणि मला माझ्या काचेची लाज वाटली.

त्या हिवाळ्यात बापलेकींनी एकेक बाटली उघडली. शेवटी मी एकटी उरले. बाओलिनने मला उचललं, तेव्हा यानरू म्हणाली, "ही नाही." तिने मला त्याच्या हातातून घेतलं आणि साखरेच्या डब्यापुढे ठेवलं. त्यानंतर मला कुणी हात लावला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घरात हुइलान आली. ती लांबची, दक्षिणेतल्या वूशीकडची. कामासाठी इकडच्या सूतगिरणीत आलेली. कारखान्यातल्या कुणीतरी मध्ये पडून बाओलिनशी तिचं लग्न जमवलं. यानरूने तिला मावशी म्हणायचं ठरलं. ती म्हणायचीही, पण तोंडापुरतं. हुइलानच्या माहेरी सगळ्यात साखर. भाजीत साखर, मटणात साखर, अंड्यातही साखर. पहिल्याच दिवशी तिने टोमॅटो-अंडं केलं तेव्हा यानरूने वाडगा दूर सारला आणि म्हणाली, "आमच्याकडे असं करत नाहीत." बाओलिन मात्र मुकाट्याने खात राहिला. त्याने त्यात किती व्हिनेगर ओतलं, ते सांगायला नको.

टोमॅटोचे दिवस आले. गल्लीतल्या बायका बाटल्या भरताना हुइलानने येता-जाता पाहिल्या आणि उत्साहाने स्वतःही कामाला लागली. सूफनच्या जागी आपण उणं पडू नये, एवढीच तिची धडपड होती. तिने टोमॅटो सुरेख चिरले, सुया नीट टोचल्या, वाफही बरोबर दिली. मग भांडं उतरवलं आणि आता गरम काचेला हात लावला तर तडकेल, असं वाटून ती बाटल्या निवायची वाट बघत बसली. सुया तशाच बुचात. यानरू दारात उभी होती. तिने हात पाठीमागे बांधले होते. तिला सगळं माहीत होतं आणि ती मूग गिळून गप्प राहिली.

मित्रांनो, मला तेव्हा तोंड होतं, पण त्यावर बूच होतं. मी काय करणार?

महिना उलटायच्या आत त्या बाटल्यांनी फेस धरला. बुचं उडायला लागली. आंबूस वास घरभर झाला. हुइलानने एकेक बाटली गटारात ओतली आणि साऱ्या गल्लीला ते कळलं. शेजारच्या हाओ काकूंच्या जिभेला हाड नव्हतं. त्या भिंतीवरून म्हणाल्या, आमच्या सूफनच्या बाटल्या पुढचा उन्हाळा बघायच्या हो!  हुइलानने रिकाम्या बाटल्या घासून लख्ख केल्या आणि पालथ्या घालून ठेवल्या.

त्या हिवाळ्यात घरात लाल रंगाची मी एकटीच होते. यानरू शाळेतून आली की आधी माझ्याकडे बघायची. तुम्हाला वाटेल, केवढा हा मान! पण खरं सांगू का, देव्हाऱ्यातल्या देवाला भूक लागत नाही म्हणून त्याचं चालतं. माझ्या पोटात जेवण होतं. ते दिवसेंदिवस जुनं होत होतं. सूफनने ते खाण्यासाठी भरलं होतं, बघण्यासाठी नाही, हे त्या पोरीला कोण सांगणार?

मग कडाक्याच्या थंडीत यानरूला ताप भरला. बाओलिन कामासाठी दुसऱ्या स्टेशनवर गेला होता. हुइलानने भात केला, पेज केली, बटाटे उकडले. पोर तोंड फिरवायची. तापात ती एकच पुटपुटत होती, टोमॅटोचं सार, गोळ्यांचं सार. हुइलान फळीपाशी आली. तिने मला उचललं, बाहीने माझ्यावरची धूळ पुसली आणि थोडा वेळ तशीच धरून उभी राहिली. मला वाटलं, सुटले एकदाची. पण तिने मला होतं तिथे परत ठेवलं, डोक्याला रुमाल बांधला आणि बर्फात बाहेर पडली.

घरांच्या भिंती पातळ होत्या. पलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुमच्या घरात आहे की एक," हाओ काकू म्हणत होत्या. "फोड ती. ती पोरगी काय बाटलीची पूजा घालणार आहे?"

"ती माझी नाही, काकू. तुमच्याकडे असली तर द्या. पुढच्या वर्षी दोन भरून देईन."

"तू देणार? अगं, तुझ्या बाटल्यांनी गटाराचंसुद्धा पोट बिघडलं." काकू हसल्या. आमच्याकडे आता पाहुण्यांपुरतीच उरली आहे, असं त्यांनी सांगितलं. मग पुढचं दार वाजलं, मग त्याच्या पुढचं. हुइलानचा आवाज लांब लांब जात राहिला.

यानरू जागी होती. ती गोधडीतून उठली, डगमगत स्टुलावर चढली आणि तिने मला खाली उतरवलं. तिचे हात तापाने कढत होते. मला गरम हात लागले, ते किती दिवसांनी! हुइलान परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर बर्फ होतं आणि हात रिकामे होते. यानरू मला पोटाशी धरून चुलीपाशी बसली होती.

"सुया गरम असतानाच काढायच्या असतात, मावशी," ती म्हणाली. "मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

हुइलानने डोक्याचा रुमाल सोडला. "तुला माहीत होतं, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "दारात हात मागे बांधून उभी होतीस ना? तेव्हाच माझ्या मनात आलं, आपलं काहीतरी चुकतंय. पण तुला विचारायचा धीर झाला नाही."

यानरू रडायला लागली. हुइलानने तिला लगेच जवळ घेतलं नाही. आधी तिच्या पायांवर गोधडी घातली आणि मग शेजारी बसली. थोड्या वेळाने यानरूनेच मला तिच्या हातात दिलं.

बूच निघालं तेव्हा फस्स असा आवाज झाला. तो आवाज म्हणजे आतलं सगळं शाबूत असल्याची खूण. सूफन आणि यानरूने दीड वर्षापूर्वी भरलेले टोमॅटो कढईत पडले आणि घर त्या वासाने भरून गेलं. हुइलान प्रत्येक गोष्ट विचारून करत होती. गोळ्या केवढ्या? एवढ्या. अंडं आधी की नंतर? नंतर. साखरेच्या डब्याकडे मात्र तिने पाहिलंसुद्धा नाही.

यानरूने चमचाभर सार चाखलं आणि ती थांबली. पुन्हा चाखलं. तिच्या कपाळावर आठी पडली. हेच सार होतं, पण हे ते सार नव्हतं.  मग तिची नजर फळीवर गेली. माझी जागा रिकामी होती आणि तिथे आता साखरेचा डबा सरळ दिसत होता. आईची पाठ आणि तिचा हळूच हलणारा हात तिला आठवला असावा.

"मावशी," ती म्हणाली, "चिमूटभर साखर घाल."

हुइलान तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने साखर घातली. यानरूने पुन्हा एक चमचा घेतला आणि तिचे डोळे पाण्याने भरले. त्यानंतर तिने एकामागून एक दोन वाडगे संपवले.

दुसऱ्या दिवशी बाओलिन घरी आला. त्याच्यासाठी थोडं सार ठेवलं होतं. त्याने एक घोट घेतला आणि त्याचा हात थांबला. मग म्हणाला, "बघा, हेच मी सांगत होतो. साखरेवाचून काही अडतं का?" यानरूने हुइलानकडे पाहिलं.  हुइलानला हसू आवरेना, म्हणून ती चुलीत कोळसे घालायला वाकली.

मी रिकामी झाले होते. यानरू मला फेकेल की आठवण म्हणून कपाटात ठेवेल, याची मला धास्ती होती. तिने दोन्ही केलं नाही. मला धुतलं आणि हुइलानच्या लख्ख बाटल्यांच्या रांगेत पालथं घातलं. पुढच्या वर्षी टोमॅटो आले तेव्हा भांडं उतरवून हुइलान फडकं घेऊन तयार उभी होती आणि यानरू तिच्याशेजारी. "आत्ता, मावशी!" यानरू म्हणाली. पहिली सुई माझीच निघाली. त्यातल्या दोन बाटल्या हाओ काकूंच्या घरी गेल्या. काकूंनी त्या उजेडाकडे धरून नीट पाहिल्या आणि पाहुण्यांना दिसतील अशा पुढे मांडल्या.

आता यानरूचे केस पिकले आहेत. बाजारात बारा महिने टोमॅटो मिळतात आणि मला भरायची कुणाला गरज पडत नाही. तरी ती दर उन्हाळ्याच्या शेवटी मला एकदा भरते आणि थंडी पडली की उघडते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते, मला पडू देऊ नका, तडकू देऊ नका. पण कुणी प्रेमाने तुमच्यासाठी काही भरून ठेवलं असेल, तर ते फळीवर नुसतं ठेवू नका. उघडा, गरम करा आणि शेजारी बसलेल्याला वाढा. मी रिकामी झाले तर वाईट वाटून घेऊ नका. मला पुन्हा भरता येतं.