भेगेवरून गेलेला दोरा

मित्रांनो, मी एक जुनी काचपेटी आहे. लाकडाची पेटी, वर दुधी काच आणि पोटात उजेडाची एक नळी, एवढाच माझा देह. ही नळी आता पेटताना फार फडफडते, आणि तसल्या नळ्या दुकानांत मिळेनाशा झाल्या आहेत. ती कायमची विझण्याआधी मला माझी गोष्ट सांगून टाकायची आहे. ती ज्या एका व्यक्तीपर्यंत पोहोचायला हवी, तिचा पत्ता माझ्याकडे नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगते.

एका सुताराने जुन्या कपाटाच्या फळ्या कापून मला घडवले. माझ्या कडा त्याने घासून घासून गोल केल्या. "दिवसभर बायांची कोपरं टेकणार हिच्यावर," तो म्हणाला, "टोचली तर शिव्या मलाच बसतील." त्या कडा आजही गुळगुळीत आहेत.

मी गेले ती कचेरी पुलांचे आणि पाण्याच्या नळांचे नकाशे तयार करणारी होती. साहेबलोक पेन्सिलीने नकाशा काढत. मग तो एका लांबट खोलीत येई. तिथे खिडकीकडे तोंड करून बायका बसलेल्या असत. त्यांना ट्रेसर म्हणत. माझी ट्रेसर त्यांच्यात सगळ्यात लहान होती. ती खाली मूळ नकाशा ठेवी, वर पारदर्शक कागद लावी, दोन्ही चिमट्यांनी एकत्र पकडून मला पेटवी. माझा उजेड मूळ रेघांतून वर येई आणि ती त्यांवरून शाईने गिरवत जाई. लांब रेघ ओढताना ती श्वास धरायची.

"अगं, रेघ संपली," शेजारची बाई हसून म्हणायची, "आता सोड तो श्वास. तुला उचलून घरी कोण नेणार?"

त्या खोलीचा एक नेम होता. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट असे आणि तिच्यात दोन ओळी: ‘काढले’ आणि ‘गिरवले’. दोन्ही ओळींवर नाव आल्याशिवाय खोलीतल्या मोठ्या बाई कागद पुढे जाऊ देत नसत. एकदा एका नव्या मुलीने विचारले, "बाई, एक नाव लिहिलं तर नाही का चालणार?"

"का गं? तुझ्या घरी रांधणारी आणि वाढणारी एकच असते का?"

"हो, आईच करते दोन्ही."

"मग तिचं नाव दोनदा लिही," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि सगळी खोली खो खो हसली. पण एका नावाचा तिचा कागद परत आला तो आलाच.

याच खोलीत माझ्या काचेला भेग पडली. कुणाच्या तरी हातून लोखंडी वजन सुटले आणि काच या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकी तडकली. एक बाजू केसभर खाली बसली. नवी काच मागवली होती, ती काही आली नाही. भेगेवरून पेन गेले की ठेच लागल्यासारखे उडायचे. मग माझी ट्रेसर युक्ती शिकली. रेघ भेगेजवळ आली की ती दोन्ही कागद चिमट्यांसकट बोटभर सरकवी, आणि रेघ भेगेला न शिवता पुढे जाई. पुढे पुढे तिचा हात हे आपोआप करू लागला. लोक तिच्या रेघेची वाहवा करत. मला मनातल्या मनात हसू येई. त्या रेघेत माझेही थोडे श्रेय होते की!

मग यंत्रे आली. खोली रिकामी झाली, मला जिन्याखाली ढकलले. कचेरी भंगार काढू लागली तेव्हा माझी ट्रेसर मला मागून घरी घेऊन आली. घरी तरी मला काय काम असणार? माझ्यावर आधी दूरदर्शनचा खोका बसला, मग औषधांच्या बाटल्या, मग इस्त्रीचे कपडे. पेटवले मला कुणीच नाही. एकदा पाहुण्यांनी विचारले, "हे काय हो?" माझी ट्रेसर म्हणाली, "काही नाही, टेबल आहे."

मित्रांनो, नंतर मात्र माझा उजेड पुन्हा पेटला. तो पेटला नसता तर बरे झाले असते, असे मला कितीदा तरी वाटले आहे.

माझ्या ट्रेसरच्या भावाची मुलगी शिकायला म्हणून तिच्याकडे राहायला आली. तिचे केस कधी विंचरलेले नसत, म्हणून आत्या तिला झिपरी म्हणे. झिपरीला चित्रांचे वेड होते. तिने माझ्यावरचे कपडे उचलले, काच पुसली, खटका दाबला. मी फडफडून पेटले. आत्या स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच उभी राहिली. तिचे हात आता थरथरत होते. ते तिने पदरात लपवले.

"आत्या, हिच्यावर ट्रेस केलं तर चालेल? की ती लबाडी होते?"

"लबाडी कसली? मी जन्मभर तेच केलं. गिरवून गिरवूनच हात बसतो. खुशाल गिरव. फक्त कोपऱ्यात दोन नावं टाकायची. ज्याचं त्याला."

भेगेजवळ कागद सरकवायलाही आत्याने शिकवले. पण झिपरीला घाई फार. ती सरळ भेगेवरून पेन्सिल न्यायची.

फोनवर चित्रे काढणाऱ्यांचा एक मोठा ग्रुप होता. झिपरी त्यात याच नावाने होती. ती दुसऱ्यांची चित्रे बघायची, आवडेल ते कागदावर छापून आणायची आणि माझ्यावर गिरवायची. ग्रुपबाहेर, ‘मुंगी’ या नावाने कुणी मुलगी फोनवरच्याच आपल्या एका लहानशा पानावर चित्रे टाकत असे. तिथे फारसे कुणी फिरकत नसे. तिचे एक चित्र झिपरीला फार आवडले. नुसते दोन हात. सदऱ्याला बटण शिवणारे. अंगठ्याचे नख मधोमध चिरलेले, आणि बटणातून वर ओढलेला, ताठ ताणलेला दोरा.

झिपरीने ते मन लावून गिरवले. कोपऱ्यात दोन्ही नावेही लिहिली. मी पाहिले आहे. मग तिने फोटो काढला. ग्रुपवर फोटो चौकोनी लागे. कागद लांबट होता. कोपरा बाहेर राहिला.

ती पुन्हा फोटो काढणारच होती. पण तेवढ्यात फोन वाजू लागला. वाजतच राहिला. ‘काय हात आहेत!’ ‘दोऱ्यात जीव आहे!’ ‘कोण गं तू?’ झिपरी माझ्यावर कोपरे टेकून एकेक ओळ मोठ्याने वाचत होती. तिच्या आवाजातला आनंद मी कसा विसरेन? त्या घरात इतके कौतुक पहिल्यांदाच आले होते. ‘अगं, सांगून टाक, आत्ताच सांग,’ असे मला ओरडायचे होते. पण मला फक्त उजेड देता येतो.

पुढच्या चित्राच्या कोपऱ्यात तिने एकच नाव लिहिले.

बरेच महिने गेले. झिपरीचे नाव झाले. आणि एक दिवस त्या ग्रुपवर मुंगी आली. तिने बटण शिवणाऱ्या हातांचे आपले चित्र टाकले आणि खाली लिहिले, ‘माझी आई. ती आता नाही.’

मित्रांनो, त्यानंतर जे झाले ते आठवले की माझी नळी आपोआप मंद होते. लोक मुंगीवर तुटून पडले. ‘हे झिपरीचं चित्र आहे!’ ‘मेलेल्या आईचं नाव घेऊन चोरी करतेस?’ तिने आपल्या मूळ कागदाचा फोटो टाकला. लोक म्हणाले, बघून काढायला काय लागतं? आई गेल्यावर तिने आपले जुने पान बंद करून टाकले होते, म्हणजे दाखवायला तारीखही नव्हती. एका शहाण्याने दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून दाखवली. रेघ न रेघ जुळत होती. फक्त एका जागी फरक होता. झिपरीच्या चित्रात दोरा मध्येच किंचित उडाला होता. ‘बघा,’ त्याने लिहिले, ‘अस्सल चित्रात हा जिवंत झटका आहे. चोरीच्या मालात तो गुळगुळीत झालाय.’

तो झटका माझा होता! ती माझी भेग होती! माझे व्यंग त्या पोरीविरुद्ध साक्षीला उभे केले होते, आणि मी लाकडासारखी गप्प होते. लाकूडच मी, दुसरे काय करणार?

ग्रुप चालवणाऱ्या दादाने मुंगीला बजावले की माफी माग, नाहीतर काढून टाकू. त्या दुपारी झिपरीला मुंगीचा निरोप आला. झिपरीने तो पुटपुटत वाचला. ‘ताई, तुला तर माहीत आहे ना? तू एकदाच सांग. मी तुला काही बोलणार नाही. फक्त ते हात माझ्या आईचे आहेत एवढं सांग.’

झिपरीने फोन माझ्या काचेवर पालथा ठेवला.

बरेच दिवस तिचे जेवणात लक्ष नव्हते. आत्याने विचारले, तर ‘अभ्यास’ म्हणाली. शेवटी आत्याने चष्मा लावला, नकाशे तपासायचे जुने भिंग काढले आणि म्हणाली, "दाखव बघू ते चित्र, ज्याची एवढी वाहवा झाली."

झिपरीने फोनवरचा फोटो पुढे केला, आणि आत्या बराच वेळ भिंगातून बघत राहिली.

"झिपरे, हा दोरा ताणलेला आहे ना?"

"हो."

"मग मध्येच उडी कशी मारतो?"

"ती... ती शैली आहे, आत्या."

"शैली डोंबलाची! माझी सगळी नोकरी त्या भेगेवर गेली. ती मी आंधळी झाले तरी ओळखीन." आत्याने भिंग खाली ठेवले. "कोपरा कुठाय?"

"फोटोत मावला नाही."

"मावला नाही, का मावू दिला नाहीस?"

झिपरी रडू लागली. रडत रडत तिने मुंगीचे सगळे सांगितले. "सगळेच करतात गं. आता सांगितलं तर मला फाडून खातील."

"खातील ना. आत्ता तिला खातायत."

"तू माझी आत्या आहेस का तिची?"

आत्याचे हात फार थरथरत होते, आणि या वेळी तिने ते लपवले नाहीत. झिपरी उठली, माझी वायर उपटली, मला भिंतीकडे ढकलले आणि माझ्यावर घोंगडी टाकली.

त्या अंधारात मी किती दिवस होते ते मला ठाऊक नाही. घोंगडीतून मला फोनची टिंगटिंग ऐकू येई. प्रत्येक वेळी वाटे, ही मुंगी असेल. अजून वेळ गेलेली नाही. ऊठ पोरी, ऊठ. मग एके दिवशी टिंगटिंग थांबली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घोंगडी दूर झाली. झिपरीचे डोळे सुजले होते. मी पेटेना. तिने नळीवर टिचकी मारली, पुन्हा मारली. "पेट ना गं," ती म्हणाली, "एवढं एकदा पेट." जेवढा जीव उरला होता तेवढा एकवटून मी पेटले. तिने खाली मुंगीचे छापलेले चित्र ठेवले, वर स्वतःचे. दोऱ्याची उडी बरोबर माझ्या भेगेवर आली. तिने फोटो काढला, या वेळी चारी कोपऱ्यांसकट. मग लिहिले: ‘काढले: मुंगी, आपल्या आईचे हात पाहून. गिरवले: मी, न सांगता. तुम्ही ज्याला जिवंत म्हणालात तो झटका फुटक्या काचेचा आहे.’

आत्या शेजारी बसून होती. फोन वाजू लागला. तीच माणसे, तेच शब्द, फक्त नाव बदललेले. कुणी लिहिले, असल्या पेट्या फोडून टाकल्या पाहिजेत. दादाने लिहिले, प्रकरण मिटले. झिपरी फोन बंद करू लागली.

"बंद नको करूस," आत्या म्हणाली. "वाच. मी बसलेय."

सगळे वाचून झाल्यावर झिपरीने मुंगीला लिहायला घेतले. पण निरोप जाईना. मुंगीने आपले नाव, आपली चित्रे, सगळे पुसून टाकले होते. आदल्याच दिवशी. तिने टाकलेले ते हात आता कुठेच दिसत नव्हते. होते ते फक्त माझ्या काचेवर, छापलेल्या एका कागदावर, आणि त्याच्यावर गिरवलेल्या त्या चोरट्या रेघांत.

झिपरी रोज शोधते. नवनवीन नावांनी चित्रे टाकणाऱ्या मुलींना ‘तू मुंगी का?’ असे विचारते. कुणी उत्तर देत नाही.

मित्रांनो, गिरवण्यात पाप नाही. मी गिरवण्यासाठीच जन्मले आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुम्हीही गिरवा, हात बसवा. पण कोपरा कापू नका हो. चुकून कापला गेला तर त्याच क्षणी परत जोडा, कौतुकाचे पहिले वाक्य वाचण्याआधी. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी एक क्षण थांबा. तुमच्या हाती जो पुरावा आला आहे, तो एखाद्या मुक्या वस्तूची भेगही असू शकतो.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी कुणाला कुठे एखादी मुलगी हात काढताना दिसली, आणि त्यातल्या अंगठ्याचे नख मधोमध चिरलेले असले, तर तिला सांगा. म्हणावे, एका घरात एक जुनी काचपेटी आहे. तिच्यावर तुझ्या आईचे हात ठेवलेले आहेत. कोपऱ्यात तुझे नाव लिहिले आहे, आणि ते वाचता यावे म्हणून ती पेटी रोज, जेमतेम का होईना, पेटते आहे.

लवकर सांगा. माझी नळी फार फडफडते आहे.