पेनहॅलोचा नगारा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा नगारा आहे. टास्मानियातल्या पेनहॅलो या खाणगावात मी घडलो. माझे तांबे तिथल्याच डोंगरातले. खाणकामगारांनी गावचा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा लोहाराने मला ठोकून आकार दिला आणि तोंडावर वासराचे कातडे ताणले.

मला आयडा ट्रेगिर वाजवायची. ती बेकरीत पाव भाजायची, पण हात फार हलका. दिवसभर खाणीत राबलेली माणसे संध्याकाळी नखांतला मळ खरवडून व्हायोलिन हाती घेत. आम्हाला ऐकायला राजधानी होबार्टहून लोक येत. मला मोठा अभिमान वाटे.

मग एका हिवाळ्यात खाण कोसळली. आत आयडाचा नवरा जोरी होता आणि आमचा हॉर्न वाजवणारा पास्कोही. काही दिवसांनी मालकांनी शोध थांबवला. गावाने शोकसभा ठरवली. तिथे आम्ही वाजवणार होतो; त्या तालमीला आयडाही आली.

मध्येच सगळ्यांनी वाजवणे थांबवले होते, तरी मी घुमू लागलो.

"आयडा, आवर तो नगारा," वाद्यवृंदाचे संचालक ऑल्सेन म्हणाले.

"मी हात कुठे लावलाय, साहेब?"

तिने तळवा माझ्यावर टेकवला. टक, टक, टक. थोडे थांबून पुन्हा तसेच. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"खाली कोणीतरी ठोकतंय!"

"अगं, डोंगर खचतोय नुसता," कोणीतरी पुटपुटले.

"डोंगर असा मोजून ठोकतो होय? लावा की हात!"

ऑल्सेननी हात लावला आणि टोपीसुद्धा न घेता ते धावत सुटले. मागोमाग सगळा वाद्यवृंद फावडी घेऊन गेला.

पास्को जिवंत सापडला. एकटाच. पुढे आयडा मला पुसता पुसता ऑल्सेनना त्याचे बोलणे सांगत होती, ते मी ऐकले. तिने त्याला विचारले होते, "तूच ठोकत होतास ना?"

"माझे दोन्ही हात दगडाखाली होते, आयडाबाई. जोरी ठोकत होता, माझ्या शेजारीच. पण तो तर पहिल्याच दिवशी गेला होता. म्हणून मी डोळे घट्ट मिटून पडलो."

त्यानंतर आयडा म्हातारी होईपर्यंत तालमीआधी माझ्यावर कान टेकवून बसे. तेवढा वेळ कोणी बोलत नसे.

पुढे खाण बंद पडली, माणसे पांगली, वाद्यवृंद मोडला. आता माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत. कातडे खचले आहे. मित्रांनो, जुन्या वाद्यावर असे ओझे टाकू नका. डोंगरातली हाक मला अजून येते, पण ती तुमच्यापर्यंत पोहोचवता येत नाही.