कानाचं मशीन

दिवाळीनंतर अमेरिकेच्या ऑर्डरी थांबल्या आणि हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीतलं कपडे शिवायचं युनिट बंद पडलं. रामनाथ तिथे सुपरवायझर होता. पुढचे कितीतरी दिवस तो सकाळी डबा घेऊन निघायचा, बंद गेटसमोर उभा राहायचा आणि परत यायचा. शेवटी बायकोने, मनोरमाने, डबा भरणंच बंद केलं आणि घराचा व्यवहार आपल्या हातात घेतला.

ती व्यवहाराला पक्की होती. पेपर बंद झाला, केबल कापली, दूध अर्ध्यावर आलं. पण इंद्रलोक वसाहतीतल्या घराचा हप्ता थांबणार नव्हता आणि लेकीची, आरोहीची, शाळा फीसाठी रोज चिठ्ठ्या पाठवत होती. आणखी काय कमी करता येईल म्हणून तिची नजर घरभर फिरायची. एक दिवस ती सासऱ्यांवर, दाजींवर, येऊन थांबली.

दाजींची उमर रत्नागिरी सोडल्यापासून एका गिरणीच्या रंगखात्यात मशिनांच्या धडधडीत गेली होती. त्यात कान गेले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी कानाचं मशीन घेतलं होतं, खिशाला अडकवायची डबी आणि कानापर्यंत वायर. डबीची क्लिप मोडली तेव्हा त्यांनी ती तांब्याच्या तारेने बांधली. मशीन लावून ते आरोहीच्या कविता ऐकायचे, खाली बाकावर गप्पा मारायचे.

"सूनबाई, सेल संपलो गो," ते म्हणाले.

"सारखे कुठून आणू सेल? तुम्हाला काय हापिसात जायचंय?"

तिचे ओठ हललेले तेवढे त्यांना दिसले. सेल आणते म्हणाली असेल, असं समजून ते हसले.

सेल आले नाहीत. दाजी बहिरे बसून राहिले. आरोही सुरुवातीला ओरडून बोलायची, मग कंटाळली. जेवायला हाक मारली तरी कळायचं नाही, म्हणून मनोरमा त्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवून जायची. नंतर एके दुपारी तिने मशीनकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हणाली, "रिपेर!"

दाजींनी विश्वासाने मशीन तिच्या हातात ठेवलं.

पंधरवड्याने ते खाली बाकावर जाऊन बसले. पलीकडच्या विंगमधले मणिभाई शेजारी येऊन टेकले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर डबी होती आणि डबीला तांब्याची तार.

दाजी बघतच राहिले. मग त्यांनी एकदम हात घातला.

"माझा हाय ह्या! सोड!"

"अरे, पैसे दिया है मैंने! आपकी बहू को दिया है!" मणिभाई ओरडले. दाजींना त्यातलं काही ऐकू आलं नाही. वायर ताणली गेली, मणिभाईंच्या कानातून उपटली. वॉचमन धावला, खिडक्या उघडल्या. आरडाओरडा ऐकून रामनाथ आणि मनोरमा खाली आले.

मनोरमाचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती जमलेल्या बायकांकडे वळून म्हणाली, "क्या बोलूँ, आजकल इनका दिमाग ठिकाने पे नहीं रहता."

रामनाथने तार ओळखली. आरोहीची फी कुठून भरली गेली हे त्याने विचारलं नव्हतं, ते आता त्याला कळलं. मणिभाईंनी पैसे परत मागितले असते तर द्यायला घरात काही नव्हतं. दाजी मुलाकडे बघून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सांग ह्येका. तू सांग."

रामनाथने वडिलांची मूठ धरली आणि एकेक बोट सोडवलं. डबी मणिभाईंच्या हातात देत म्हणाला, "सॉरी, काका. माफ करना."

दाजींना शब्द ऐकू आले नाहीत. पण मुलाने हात जोडलेले त्यांना दिसले, आणि कुणापुढे तेही. त्यांचं ओरडणं तिथेच थांबलं.

पुढच्या पावसाळ्यात रामनाथला चेणे गावाच्या बाजूला एका गोदामात काम मिळालं. पगार कमी होता, पण हप्ते सुरळीत झाले. पहिल्या पगाराच्या दिवशी तो चपला काढता काढता म्हणाला, "दाजींना नवीन मशीन बघूया का?"

"कशाला? शांत असतात हल्ली. सवय झालीय त्यांना."

दाजी समोरच बसले होते. रामनाथने त्यांच्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "हो. तेही खरंच."

बाहेर जाताना आता दोघं दाजींना आत ठेवून दाराला बाहेरून कडी घालतात. म्हातारा पुन्हा कुणाच्या अंगावर जायला नको.